अंडे निघून गेल्यावर

अंडे बाहेर पडले की सगळ्यांचे लक्ष त्याच्यामागे जाते: ते गर्भनलिकेत पोहोचले का, शुक्राणूशी गाठ पडली का. मागे अंडाशयात जी सुमारे दोन सेंटिमीटरची पुटिका फुटली, तिची चौकशी कोणी करत नाही. खरी उलथापालथ तिथेच चाललेली असते. पुटिकेच्या भिंती आत दुमडतात, त्यांत रक्तवाहिन्या शिरतात, पेशी फुगून पिवळट होतात. हाच पीतपिंड. रक्तातले कोलेस्टेरॉल वापरून तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. भरात असताना रोज २५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे होते.

हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. ब्रेस्लाऊचे भ्रूणतज्ज्ञ गुस्ताव बोर्न (भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांचे वडील) यांना तसा संशय होता, पण ते १९०० साली वारले. मग लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशांचे पीतपिंड नष्ट करून पाहिले. गर्भ टिकले नाहीत.

गर्भ राहिला नाही, तर साधारण चौदा दिवसांत पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरॉन घसरते आणि पाळी येते. अंडाशयात पांढुरका व्रण उरतो. गर्भ रुजला, तर तो एचसीजी हे संप्रेरक सोडून पीतपिंडाला जगवतो. घरगुती चाचणीच्या पट्टीवर दिसते ते हेच. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार प्रोजेस्टेरॉनचे काम हाती घेते. आयव्हीएफच्या उपचारांत पीतपिंड अनेकदा कमजोर पडतो, म्हणून बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. त्या गोळ्या-इंजेक्शनांना कंटाळलेल्या बाईला यामागचे कारण कोणी नीट सांगत नाही, हे मला खटकते.

गर्भ नसताना पीतपिंडाला आटवते कोण? गायीत उत्तर सरळ आहे: गर्भाशयातून येणारे प्रोस्टाग्लँडिन. गायीचे गर्भाशय काढले तर पीतपिंड कितीतरी दिवस टिकून राहतो. बाईचे गर्भाशय काढून अंडाशय ठेवले, तरी पीतपिंड वेळेवरच आटतो. म्हणजे हा कारभार बहुधा अंडाशयातच उरकतो. तो नेमका कसा, हे अजून पुरते उलगडलेले नाही.

गायीतल्या या ज्ञानाचा उपयोग मात्र गोठ्यात रोज होतो. पशुवैद्य गुदद्वारातून हात घालून पीतपिंड चाचपतात, गाय गाभण नाही ना याची खात्री करतात आणि प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. दोन ते पाच दिवसांत ती माजावर येते. माज होऊन पाच दिवसही झाले नसतील, तर इंजेक्शन वाया जाते. कोवळा पीतपिंड त्याला दाद देत नाही.