बिडाचा तुकडा आणि सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मदर्शक म्हटलं की पॅथॉलॉजी लॅब आठवते. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनाही तो हवाच असतो! बिडाच्या ओतकामात बराचसा कार्बन ग्रॅफाइट होऊन बसतो. पापुद्र्यांसारखा बसला तर बीड ठिसूळ. वितळलेल्या धातूत थोडं मॅग्नेशियम घातलं की तोच ग्रॅफाइट गोळ्यांत जमतो आणि क्रँकशाफ्टला लागतो तसा चिवटपणा येतो. गोळे नीट झाले का, हे नमुना घासून, आरशासारखा चमकवून, साधारण 100 पट मोठा करून पाहतात. धातूतून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून इथे उजेड वरून, लेन्समधूनच टाकतात. मला ही युक्ती फार आवडते.

रेशमाचे अंडीपुंज तयार करणारेही याचे जुने गिऱ्हाईक. अंडी घातलेली मादी कुटून तिच्यात पेब्रिन रोगाचे बीजाणू आहेत का ते बघतात. सापडले तर अंडी नष्ट. ही पद्धत लुई पाश्चर यांची, 1860 च्या दशकातली, आणि आजही चालू!

चिप बनवणाऱ्यांना मात्र साधा प्रकाश पुरत नाही. सुमारे 200 नॅनोमीटरहून बारीक तपशील त्याने सुटे दिसत नाहीत, तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

तुमच्या कामात सूक्ष्मदर्शक कुठे लागतो? जरूर सांगा.