न सांगता दिलेली गोळी

‘त्यांना न कळता भाजीत घालता येईल, असं काही औषध आहे का?’ मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न नेहमीचा आहे. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. खडकी स्टेशनवरून लोकल पकडणाऱ्या कुणालाही ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात नवी नाही. त्यामुळे असे औषध असतेच, डॉक्टर फक्त द्यायला कां-कूं करतात, अशी समजूत झालेली असते.

ती समजूत अगदीच निराधार नाही. डायसल्फिराम नावाची गोळी खरोखरच आहे. रबराच्या कारखान्यात या जातीच्या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असे एका अमेरिकी डॉक्टरने १९३७ मध्ये नोंदवले होते. पुढे १९४८ मध्ये डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकबसेन यांनी तिचा दारू सोडवण्यासाठी उपयोग दाखवून दिला. ते खरे तर जंतांवरचे औषध शोधत होते.

दारू यकृतात गेली की तिचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचाही निचरा होतो. ही गोळी तो दुसरा टप्पा अडवते. विषारी द्रव्य साचते, चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याला हे आधी समजावून सांगितले आहे, तो गोळी घेतलेली आहे हे लक्षात ठेवून ग्लासापासून लांब राहतो. गोळीचे खरे काम एवढेच. दारूची ओढ ती कमी करत नाही.

आता हीच गोळी भाजीतून दिली तर काय होईल? त्या माणसाला काहीच ठाऊक नसते. तो नेहमीसारखा गुत्त्यावर जातो, नेहमीइतकी पितो. हृदयविकार असेल, तर रस्त्यातच जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असा त्रास होऊ शकतो. वाचला आणि पुढे त्याला कळले, तर घरातल्या ताटावरचा विश्वास उडतो, तो परत मिळवणे फार अवघड असते. जाहिरातीतल्या पुडीत तर नेमके काय आहे, हेही सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर नाही म्हणतात. रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करून मात्र ही गोळी आजही दिली जाते, आणि नवऱ्याने ती रोज बायकोसमोर घ्यायची असे दोघांनी ठरवले, तर तिचा उपयोग चांगला होतो.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे खोलीत कोंडणे, किंवा देवापुढे शपथ घ्यायला लावून एका दिवसात दारू बंद करणे. रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हे गोळीइतकेच धोक्याचे ठरू शकते. दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षे दाबून धरलेल्या ब्रेकशी झगडत मेंदू आपला ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. ब्रेक अचानक सुटला की गाडी सुसाट धावते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार झाले नाहीत, तर यात मृत्यूही येतो.

अनेक घरांत याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. रुग्णालयातही चकवा होतो. पाय मोडला म्हणून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री बडबडायला लागतो, कारण तो रोज पितो हे लाजेने कुणी सांगितलेलेच नसते. भरती होताना हे एक वाक्य सांगितले तरी जीव वाचू शकतो. या अवस्थेवर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने असतात. ‘अशक्तपणा आलाय, सलाइन लावा’ हा आग्रह इथे बाजूला ठेवावा. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

खडकीला या सगळ्याची आणखी एक बाजू आहे. इथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जिथे स्फोटके हाताळायची, तिथे सकाळचा हाताचा कंप हा केवळ घरगुती प्रश्न राहत नाही. आणि तो कंप थांबवायला सकाळीच घेतलेली क्वार्टर त्याहून वाईट. तरीही नोकरीच्या भीतीने आणि ‘येरवड्याला नेतील’ या धास्तीने माणसे लपवत राहतात. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळाले होते.

ज्या येरवड्याची धास्ती, तिथेच १९८६ मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तेव्हा निकड होती गर्दची. होळकर पूल ओलांडला की खडकीहून हा भाग फार लांब नाही. व्यसनी माणसाला तुच्छतेने न वागवता उपचार करता येतात आणि त्याच्या बायकोलाही आधार द्यावा लागतो, हे मराठी घरांना तिथून समजले.

शरीर सावरल्यावर खरे काम सुरू होते. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा बोथट करते, ॲकॅम्प्रोसेट ओढ कमी करते. दोन्ही रोज घ्याव्या लागतात आणि यकृत-मूत्रपिंड पाहूनच निवडाव्या लागतात. त्यांच्या जोडीला समुपदेशन हवेच. पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचे, इतक्या बारीक गोष्टीही त्यात ठरतात.

मोबाइलवरच्या रमीने कर्जात गेलेल्या तरुणाला अशी हमखास गोळी नाही. त्याच्याबाबतीत समुपदेशन, सोबतच्या नैराश्यावर उपचार आणि पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती देणे, हेच मुख्य उपाय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, पण बंदीने सवय मोडत नाही. आत्महत्येचा विचार आहे का, हे अशा मुलाला स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात, आणि उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तो यायलाच तयार नसेल, तर घरच्यांनी आधी एकटे येऊन भेटायलाही हरकत नाही. ‘टेली मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. फिट आली, भ्रम झाला किंवा ताप चढला, तर मात्र फोनवर बोलत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि शेवटची दारू केव्हा घेतली, ते आल्या आल्या सांगावे.