पिवळ्या सदऱ्याचा हिशेब

धारवाडला आषाढातली झिमझिम एकदा लागली म्हणजे संध्याकाळी घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही, आणि फ्रान्सचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे तिथला दुपारचा टप्पा आमच्याकडे चहाच्या सुमारास सुरू होऊन रात्रीची ताटे उचलेपर्यंत संपतो. त्यामुळे जुलैतले तीन आठवडे तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाहण्याचा परिपाठ आमच्या घरी सहजच पडून गेला आहे. शेजारचे निवृत्त मास्तर छत्री दाराशी टेकवून येऊन बसतात, आणि पहिल्या सायकलस्वाराने अंतिम रेषा ओलांडली रे ओलांडली की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो: "यारु गेद्दरु?" कोण जिंकले, एवढेच त्यांना हवे असते. या शर्यतीविषयीचे बहुतेक गैरसमज त्याच प्रश्नाच्या पोटात दडलेले आहेत.

रेषेवर पहिला येतो तो त्या दिवसाचा टप्पा जिंकतो, शर्यत नव्हे. एकवीस टप्पे, मध्ये विश्रांतीचे दोन दिवस, आणि प्रत्येक दिवशी लागलेल्या वेळेची बेरीज अशी ही व्यवस्था असून, ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी त्याच्या अंगावर पिवळा सदरा चढतो. एकाच घोळक्यात येणाऱ्या सर्वांच्या नावे एकच वेळ मांडण्याची वहिवाट असल्यामुळे पहिला आणि शंभरावा यांच्यात कित्येकदा एका सेकंदाचेही अंतर पडत नाही. म्हणूनच १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडला एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकता आली. त्याच्या आदल्या वर्षी तर तो शेवटच्या दिवशी लोराँ फिन्याँच्या पन्नास सेकंद मागे होता. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत एकेकाला वेगळे सोडून वेळ मोजण्याच्या साडेचोवीस किलोमीटरांच्या त्या टप्प्यात त्याने ती तूट भरून काढली आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरांच्या हिशेबाअखेर अवघ्या आठ सेकंदांनी बाजी मारली. मास्तरांनी हयातभर शाळेच्या हजेरीपटांच्या बेरजा केल्या. हा दाखला ऐकल्यापासून ते वही घेऊन बसतात. (पिवळा रंग सोन्यावरून आला असेल, हा त्यांचा तर्क मात्र खरा नव्हे. ही शर्यत १९०३ साली 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली, ते पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, आणि १९१९ साली सदऱ्याला तोच रंग मिळाला.)

दुसरा समज असा की सायकल एकट्याने चालवायची असल्यामुळे हा खेळही एकट्याचा. रविवारी पहाटे उणकल तलावाच्या बाजूने हुबळीकडे जाणारी सायकलस्वार पोरे नीट न्याहाळावीत: एकाच्या मागच्या चाकाला दुसऱ्याचे पुढचे चाक जवळजवळ भिडलेले, आणि सर्वांत पुढचा थोड्या वेळाने बाजूला सरून रांगेच्या शेपटाशी जाणारा. वारा तोडण्याचे कष्ट पुढच्याच्या वाट्याला येतात आणि आडोशाला राहणाऱ्याच्या श्रमांत चौथा-तिसरा हिस्सा सहज वाचतो, हे भौतिकशास्त्र त्या पोरांना पायांनीच समजलेले असते. तूरमध्ये प्रत्येक संघात आठ जण असतात आणि त्यांतले बहुतेक स्वतः जिंकण्यासाठी आलेलेच नसतात. नायकाला वाऱ्यापासून झाकणे, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणणे, प्रसंगी आपले चाक काढून त्याला देणे, हे त्यांचे काम. फ्रेंच भाषेत त्यांना 'दोमेस्तिक', म्हणजे शब्दशः घरगडी, म्हणतात. शब्द उर्मट आहे खरा, पण बक्षिसाची रक्कम नायकाने संघात वाटून टाकण्याचा दस्तूर त्यामागोमाग पाळला जातो.

प्रेक्षकाविषयीचा समज मला अधिक खुपतो. तो केवळ बघ्या, त्याच्याने शर्यतीत काय फरक पडणार, असे म्हणतात. १९१३ साली पिरेनीज पर्वतात युजेन क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला, तेव्हा ती खांद्यावर टाकून तो घाट पायी उतरला आणि खालच्या गावी लोहाराच्या भट्टीत त्याने तो स्वतःच्या हाताने सांधला, कारण परक्याची मदत घेण्यास नियमाने मज्जाव होता आणि अधिकारी समोर खडा पहारा देत होते. तरीही एका पोराने भाता हलवला, तेवढ्यावरून क्रिस्तॉफला दंड झालाच. मदतीचे हे असे. अपायाला तर मर्यादाच नाही. २०१८ साली आल्प द्युएझच्या चढावर गर्दीत कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकून व्हिन्चेन्झो निबाली पडला आणि मणक्याच्या इजेमुळे त्याला शर्यत सोडावी लागली. २०२१ साली पहिल्याच टप्प्यात एक बाई आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला फलक चित्रवाणीला दिसावा म्हणून सायकलस्वारांकडे पाठ करून रस्त्यावर सरकली आणि अर्धा जथा एकमेकांवर कोसळला. न्यायालयाने तिला १,२०० युरोंचा दंड केला.

हा सारा मामला परदेशीच, असे म्हणण्याची सोयही आता राहिलेली नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटात पहिला येणाऱ्यास मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब आपल्याला ठाऊक असतो, पण तो एका दिवसाचा खेळ. १९ ते २३ जानेवारी २०२६ या दिवसांत पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर मात्र आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ श्रेणीतली, अनेक टप्प्यांची, मुळशी-मावळापासून पुरंदर-बारामतीपर्यंत फिरणारी होती. तिचे एकूण अंतर ४३७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याहून हुबळी गाठण्याइतके! मास्तरांनी वहीत तेवढे लिहून घेतले आणि आम्ही रात्रीची गाडी धरली.

पुरंदर तालुक्यात एका वळणावर आम्ही दोन तासांहून अधिक वेळ उभे होतो. रस्ता बंद, शाळेची मुले बांधावर ओळीने, कुणाच्या तरी डब्यातली भाकरी हातोहात फिरलेली. तिकीट नव्हते, रस्त्याकडेच्या प्रेक्षकाला ते फ्रान्समध्येही नसते. "एवढे ताटकळायचे आणि दिसणार अर्धा मिनिट," असे पुण्याचे आप्त म्हणाले होते, आणि ते अक्षरशः खरे निघाले: आधी मोटारींचे भोंगे, मग टायरांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घूं, रंगांचा एक लोट, आणि गरम झालेल्या रबराचा किंचित वास. मास्तरांचा चष्मा नाकावर येईपर्यंत सर्व संपले. मुले उठू लागली, परंतु वहीत आकडे मांडून बसलेला माणूस इतक्यात उठत नाही. कोण मागे राहिला, किती मागे, हे अजून कळायचे होते. बऱ्याच वेळाने एकटाच एक जण आला, मान खाली घातलेला, गुडघा खरचटलेला. मास्तरांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, आकडा लिहिला आणि मग वही काखेत धरून टाळ्या वाजवल्या. त्याच्यामागून शेवटची मोटार गेली, पोलिसाने दोरी सोडली, आणि अडकून पडलेली एसटी धूर सोडत त्याच वाटेने निघाली.