दंतवल्काची घडण आणि एपिजेनेटिक्स

सहा-सात वर्षांच्या बालकाची नुकतीच उगवलेली पहिली कायमची दाढ पिवळट-तपकिरी व खडूसारखी ठिसूळ दिसते, थंड पाण्यानेही ठणकते. पालक ‘कॅल्शियम कमी आहे का?’ असे विचारतात आणि आपल्यापैकी अनेक जण प्रवाळभस्म लिहून मोकळे होतात. या विकृतीस २००१ पासून ‘मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन’ ही संज्ञा आहे.

या दाढेचे दंतवल्क, म्हणजे एनॅमल, जन्माच्या सुमारास घडू लागते व तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. अमेलोब्लास्ट पेशी प्रथम अमेलोजेनिनादी प्रथिनांची चौकट रचतात. पुढे ती प्रथिने विघटित होऊन त्यांची जागा खनिज घेते. परिणत वल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. दात उगवताना या पेशी नष्ट होतात. सातव्या वर्षी दिलेल्या भस्माने नवे वल्क घडणार कोठून?

मूळ जनुक न बदलता ते केव्हा व किती व्यक्त व्हावे, हे डीएनएचे मिथिलीकरण, हिस्टोन प्रथिनांतील बदल व मायक्रो-आरएनए यांवर अवलंबून असते. हेच एपिजेनेटिक्सचे क्षेत्र. उंदरांच्या दंतांकुरातून मायक्रो-आरएनए घडविणारे डायसर हे विकर काढून टाकले असता वल्कनिर्मिती बिघडते. एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांतही वल्कदोष भिन्न आढळतात. तथापि मातेच्या वा बालकाच्या अमुक आहाराने अमुक खूण बदलली व त्यामुळे वल्क बिघडले, अशी साखळी मानवात अद्याप सिद्ध झालेली नाही.

चरकाचार्यांनी दात पितृज भावांत गणले. काश्यपसंहितेच्या दन्तजन्मिक अध्यायात मातापित्यांच्या अनुकरणाबरोबर इतरही कारणे सांगितली आहेत. कारणे अनेक असतात, ही दृष्टी मोलाची खरीच. परंतु तेवढ्यावरून ‘एपिजेनेटिक्स आपल्याकडे होतेच’ असे व्यासपीठावरून सांगणे आम्हांस मान्य नाही, आणि गर्भसंस्काराने निर्दोष दातांची हमी देणे तर मुळीच नाही.

अशा दाढेस खरखरीत दंतमंजन वर्ज्य समजावे. बालकास विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे. फ्लोराइड व्हर्निश वा सीलंट वेळेवर झाल्यास दाढ किडण्यापासून वाचू शकते. केसपेपरवर गर्भिणी अवस्था, प्रसूती व पहिल्या तीन वर्षांतील ज्वरादी व्याधी यांची नोंद करावी. धाकटे भावंड असल्यास त्याचीही दाढ उगवताच पाहावी.