पावसाची वाट पाहणारी आई

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु वर्षातून अशी एक वेळ येते, की सरड्याची मादी कुंपणाचा आसरा सोडून उघड्या जमिनीवर उतरते. ती वेळ म्हणजे अंडी घालण्याची.

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बागांच्या कुंपणांवर आणि बाभळीच्या झाडांवर दिसणारा सरडा शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘कॅलोटस व्हर्सिकलर’ या नावाने ओळखला जातो. दोदँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ साली त्याचे वर्णन केले. या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रंग बदलणारा’ असा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस नराचे डोके व गळा लाल होऊ लागतो. पुढे काही दिवसांनी मादीच्या पोटाच्या दोन्ही बाजू फुगलेल्या दिसतात. तिची चपळाई कमी होते. तिच्या पोटात बहुधा दहा ते वीस अंडी वाढत असतात.

कोंबडीच्या अंड्याचे कवच टणक असते. सरड्याच्या अंड्याचे कवच मात्र चामड्यासारखे मऊ असते. ते अंडे भोवतालच्या मातीतील ओल शोषून घेते आणि हळूहळू फुगते. माती कोरडी असेल, तर अंडे सुकून जाते. म्हणून मादीला भुसभुशीत आणि ओलसर जमीन हवी असते. ती पुढच्या पायांनी माती उकरते व मागच्या पायांनी ती मागे लोटते. खळगा तयार झाला, की त्यात अंडी घालते, वर पुन्हा माती ओढते आणि तोंडाने दाबून ती जागा सारखी करते. त्यानंतर ती निघून जाते. सुमारे सहा-सात आठवड्यांनी पिले आपल्याच बळावर बाहेर येतात.

परंतु मराठवाड्यात पावसाचा भरवसा नसतो. मृग कोरडा गेला, तर शेतकरी पेरणी लांबणीवर टाकतो. सरड्याची मादीही तसेच करते. ओली जमीन मिळाली नाही, तर ती तयार अंडी पोटातच राखून ठेवते. त्या काळात अंड्यातील गर्भाची वाढ एका टप्प्यावर थबकते. धारवाड येथील कर्नाटक विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला आहे. पाऊस पडला, माती भिजली, की मादी जमिनीवर उतरते. बी आणि अंडे दोन्ही एकाच ओलीची वाट पाहत असतात!

सरड्याच्याच कुळातील ‘दाढीवाला सरडा’ मूळचा ऑस्ट्रेलियातला. परदेशांत पुष्कळ लोक तो घरी पाळतात. त्याची मादी अंड्यावर आली, की ती अन्न कमी खाते, अस्वस्थ होते आणि पिंजऱ्याचे कोपरे उकरू लागते. जाणता पाळणारा अशा वेळी तिच्यासाठी ओलसर वाळू व माती भरलेली खोल पेटी ठेवतो. मुठीत दाबल्यावर माती गोळा धरून राहावी, पण तिच्यातून पाणी गळू नये, एवढीच ओल त्यात असते. अंड्यांच्या कवचाला चुना लागतो, म्हणून तिच्या खाद्यात चुन्याचे क्षार घालतात. ऊब आणि निवांतपणा यांचीही काळजी घेतात. उकरण्यास जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून मादी प्राणास मुकण्याचा संभव असतो.

आपल्याकडील सरडा मात्र पिंजऱ्यात ठेवण्याचा प्राणी नव्हे. त्याची जातभाई घोरपड हिला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण दिले असून, तिला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. सरड्याच्या मादीला लागणारी पेटी शेताने आधीच भरून ठेवलेली असते. बांधावरची भिजलेली माती किंवा मोसंबीच्या आळ्यातील ओल तिला पुरेशी होते. माणसाने फक्त तिला त्रास देऊ नये.

जमीन उकरण्यात गुंतलेली जड मादी लवकर पळू शकत नाही. कावळा, मांजर आणि मुलांच्या हातातील दगड हे तिचे शत्रू होत. अशा वेळी मारलेला एक दगड आईबरोबर तिच्या सगळ्या अंड्यांचाही नाश करतो. खुरपणी करताना मातीत लहान, पांढरी, लांबट अंडी आढळली, तर ती उलटसुलट करू नयेत. कारण आतील गर्भ कवचाच्या एका बाजूस चिकटलेला असतो व अंडे उलटल्यास तो दगावू शकतो. ती जशी होती तशीच राहू देऊन वर हलकेच ओली माती पसरावी.

सरडा नाकतोडे, अळ्या, मुंग्या व भुंगेरे खातो. पिकांवरील किडींचा तो काही अंशी बंदोबस्त करतो. त्याचा मोबदला तो मागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी बांधावरची हातभर ओली जमीन आणि थोडी शांतता मिळाली, एवढ्यानेच त्याचा वंश टिकून राहतो.