आधी रविवार, मग जग

जग पाहायची इच्छा मराठी घरांत आता इतकी सरसकट झाली आहे की ती बोलून दाखवली की लगेच हिशेब सुरू होतो: विमानाचे तिकीट, व्हिसा, युरोचा भाव, मुलांच्या परीक्षा. या हिशेबात रोजच्या फुरसतीला जागा नसते. संध्याकाळी कट्ट्यावर बसणे, रविवारी सकाळी पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचणे, वाचनालयातून पुस्तक बदलून आणणे, नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाणे हे सगळे किरकोळ. जगप्रवास तेवढा मोठा. किरकोळ गोष्टींत वेळ दवडू नका, आत्ता राबा, निवृत्तीनंतर जग पाहा, असा सल्ला वडीलधारे मनापासून देतात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. प्रवासाचे स्वप्न रोजच्या फुरसतीत रुजते. जिथे फुरसत नाही तिथे ते बहुधा उगवतच नाही, आणि जिथे ती कुरतडली गेली आहे तिथे खिशात पैसा असूनही प्रवास नुसता उरकला जातो. याचा पहिला पुरावा शोधायला लांब जायला नको. तो मुंबईच्या गिरण्यांत सापडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याचा हक्काचा विसावा नव्हता. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस, ठरल्या तारखेच्या आत पगार, आणि कामावर इजा झालेल्याला आधार. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. या यादीतल्या पहिल्या तिन्ही मागण्या वेळेच्या आहेत. उपाशीपोटी राबणारा माणूस आधी वेळ मागतो, हे ज्यांना अजब वाटत असेल त्यांनी रोज बारा-तेरा तास साच्यापुढे उभे राहण्याची कल्पना करून पाहावी. पुढे सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या दिवशी सहलीचे बेत आखतो तो दिवस असा मिळालेला आहे.

त्या रविवारचे कामगारांनी काय केले, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण वाटते. गिरणगावात भजनी मंडळे उभी राहिली, तालमी घुमू लागल्या, तमाशाचे फड आले, कामगारांची स्वतःची रंगभूमी घडली. परळचे दामोदर नाट्यगृह तिचे माहेरघर झाले. चाळींच्या चौकांत पोवाडे होऊ लागले. वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले अण्णा भाऊ साठे याच वस्तीत मिळेल ते काम करत, गिरणीत राबत शाहीर झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशिया त्यांनी तेव्हा पाहिला नव्हता आणि पाहायला मिळेल अशी चिन्हेही नव्हती. प्रत्यक्ष जाणे झाले १९६१ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातून आले. अण्णा भाऊंसारखी प्रतिभा लाखात एखाद्याची, त्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष कसा काढायचा, असे कोणी म्हणेल. पण पोवाड्याला श्रोता लागतो. पाळी संपवून आलेले हजारो कामगार एका दूरच्या शहराच्या वेढ्याची गोष्ट तल्लीन होऊन ऐकत होते. त्यांच्यातले बहुतेक जण जहाजाची पायरी कधीच चढले नाहीत, तरी जगाचा नकाशा त्यांच्या मनात रुंदावला होता, आणि त्यासाठी लागलेला वेळ कोणीतरी भांडून मिळवला होता.

युरोपातही हाच क्रम दिसतो. ब्रिटनमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या, आणि समुद्रकाठच्या गावांकडे जाणाऱ्या आगगाड्यांना गिऱ्हाईक मिळत गेले. थॉमस कुक यांची ५ जुलै १८४१ ची पहिली सहल लेस्टरहून लफबरोपर्यंत, सुमारे अठरा किलोमीटरची. दारूबंदीच्या सभेला निघालेले पाचशेच्या आसपास लोक एका शिलिंगात जाऊन-येऊन. याच कुकनी १८७२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेची सहल काढली, तिला २२२ दिवस लागले आणि ती भारतातूनही गेली. अठरा किलोमीटरच्या सहलीतून जगाच्या फेरीपर्यंत हा व्यवसाय एकतीस वर्षांत पोहोचला, पण सुरुवात एका मोकळ्या दिवसाची होती. फ्रान्सचा दाखला तर याहून स्पष्ट आहे. जून १९३६ मध्ये तिथल्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि फुरसतीचे खाते सांभाळणाऱ्या लिओ लाग्रांज यांनी रेल्वेचे सवलतीचे तिकीट सुरू केले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात लाखो लोक ते तिकीट घेऊन निघाले. त्यांतल्या अनेकांनी समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बरेच जण कुठेही गेले नाहीत. त्यांनी सायकली काढल्या, नदीकाठी गळ टाकला, घरीच आराम केला. दोन्ही प्रकार एकाच कायद्याची फळे होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवली. म्हणजे २४० दिवसांना बारा दिवस. या बारा दिवसांत गावची जत्रा, लग्नकार्ये आणि आजारपणे बसवून जे उरे, त्यावर प्रवासाची स्वप्ने उभी राहत.

इतिहास सोडून आजच्या मानसशास्त्राकडे वळू. नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार प्रौढांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ९७४ जण सुट्टीवर गेले, बाकीचे गेले नाहीत. जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते. परतल्यावर मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली त्यांचा, आणि त्यांचाही वाढीव आनंद काही आठवड्यांत ओसरला. सुट्टीतल्या प्रकृतीचा आणि मनःस्थितीचा माग घेणाऱ्या आणखी एका अभ्यासात, समाधान साधारण आठव्या दिवशी सर्वांत वर गेले आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मूळ पातळीवर आले. हे अभ्यास एका सुखवस्तू युरोपीय देशातले आहेत, त्यांतले आकडे जसेच्या तसे डोंबिवलीला किंवा नांदेडला लावता येणार नाहीत. तरी त्यांचा रोख दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रवासाच्या आनंदाचा मोठा वाटा निघण्याआधीच्या दिवसांत असतो, म्हणजे तो घरी बसून, नकाशा उघडून, पुस्तके चाळून, चौघांशी बोलून मिळतो. प्रवासातला आनंद साठवून वर्षभर पुरवता येत नाही. अकरा महिने फुरसतीशिवाय काढायचे आणि बाराव्या महिन्यात पंधरा दिवसांत सगळी भरपाई करायची, हा बेत त्यामुळे फसतो. पंधरा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहलींची मागणी या बेतातूनच येते. वर्षभराची तूट भरून काढायला निघालेला माणूस एका चौकात दोन तास नुसता बसायला तयार होत नाही, कारण बसण्याची सवयच त्याच्याजवळ उरलेली नसते.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा की हे सगळे अंथरूण पाहून पाय पसरा या जुन्या उपदेशाचे नवे रूप आहे. ज्यांना परवडते ते स्वित्झर्लंडला जातील आणि बाकीच्यांनी कट्ट्यावरच समाधान मानावे, असे सांगणे सोयीचे असते. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. रोजचे आनंद ही जगप्रवासाची स्वस्त आवृत्ती नव्हे. तसे मानले की दोन्हींचा अपमान होतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. या आणि अशा शेकडो वाचनालयांतून परदेश कधीही न पाहिलेल्या पिढ्यांनी प्रवासवर्णने वाचली. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ मध्येच आले होते. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आले तेव्हा परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे सामान्य माणसाला केवळ हौसेखातर युरोपला जाणे जवळपास अशक्य होते, तरी त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्या वाचकांची मुले आणि नातवंडे आज विमानात बसतात, त्यामागे उत्पन्नवाढ आणि चलनाचे सैल झालेले नियम आहेतच. पण कुठे जायचे, काय पाहायचे, याची ओढ त्या वाचनालयांतून आली. वाचनालयात गेलेला वेळ वाया गेला असे आता कोण म्हणेल? मासिके आणि दिवाळी अंकही त्याच फुरसतीवर पोसले गेले. १९०९ च्या ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकाला वाचक मिळाला तो सणाच्या मोकळ्या दिवसांमुळेच.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो खरा आहे: फुरसत सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचे विनामोबदला काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. करमणूक, माध्यमे, खेळ यांवरचा वेळ मात्र पुरुषांचा १७७ आणि बायकांचा १६४ मिनिटे, म्हणजे वरवर फारसे अंतर नाही. या दुसऱ्या आकड्यावरून निश्चिंत होणे चुकीचे ठरेल. सर्वेक्षणात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत लिहिला जातो. त्या अर्ध्या तासात कुकरच्या शिट्ट्यांकडे कोणाचा कान होता, दाराची बेल वाजली की कोण उठले, हे बेरजेत दिसत नाही. मालिका बघत भाजी निवडणारी बाई आणि पाय पसरून क्रिकेट बघणारा तिचा नवरा, दोघेही टीव्हीसमोरच असतात. मराठी सहल कंपन्यांच्या खास महिलांच्या सहली इतक्या चालल्या, त्याचे कारण मला इथे दिसते. तिथे सलग वेळ मिळतो. सकाळचा चहा आयता हातात येतो आणि रात्री उद्याच्या डब्याचा विचार नसतो. बायकांची जग पाहण्याची हौस त्यातून दिसते, आणि घरी त्यांना अखंड तासभरही मिळत नाही, हेही दिसते. घरातल्या बाईला आठवड्यातून एक पूर्ण दुपार तिची म्हणून मिळाली, तर त्या घरातले प्रवासाचे बेत वेगळे होतील. कुठे जायचे, हे तेव्हा तीही ठरवेल.

मोबाइलने ही फुरसत गिळली आहे, असेही म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण दोष नीट ओळखला पाहिजे. आइसलँडच्या धबधब्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बघून लगेच पुढच्या चित्रफितीवर सरकण्यात स्वप्न बांधले जात नाही, कारण बघणाऱ्याला त्यात काहीच भर घालावी लागत नाही. त्याच मोबाइलवर कोणी रोज पंधरा मिनिटे जपानी लिपी शिकतो, कोणी जुन्या इस्तंबूलच्या गल्ल्या नकाशावर धुंडाळतो. तेव्हा वेळ तितकाच जातो, पण माणूस त्या जागेच्या जवळ सरकतो.

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्या परदेशी सहलींवर बरोबर महाराज नेतात, पॅरिसमध्येही वरण-भात आणि पोळी-भाजी वाढतात, याची टिंगल खूप होते. ती मला अन्यायाची वाटते. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर इतक्या लांब गेलेल्या सत्तर वर्षांच्या आजींना रात्री ओळखीची चव मिळाली, तर दुसऱ्या दिवशी त्या संग्रहालयाचे जिने चढायला ताज्या असतात. रोजचे सुख सोबत असले की अनोळखी गोष्टींकडे मोकळ्या मनाने बघता येते.

पर्यावरणाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. जगातले आंतरराष्ट्रीय पर्यटक १९५० मध्ये अडीच कोटी होते, २०१९ मध्ये ते सुमारे १४६ कोटी झाले. हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनातला पर्यटनाचा वाटा सुमारे आठ टक्के असल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाही विमानात न बसलेल्या माणसाला हे आकडे ऐकवून गप्प करणे अन्यायाचे आहे. दरवर्षी तीन खंड पालथे घालणाऱ्यांनी मात्र ते ऐकावेत. आठवडा ज्यांचा रोजच्या आनंदांनी भरलेला असतो, त्यांना कमी वेळा, जास्त दिवसांसाठी आणि जवळच्या ठिकाणी जाणे जड जात नाही.

राहता राहिला तो वर्ग, ज्याच्याजवळ लोखंड्यांचा रविवार आजही नाही. दिवाळीत आपण सहलीला निघतो तेव्हा घरपोच सेवा देणारी मुले सर्वांत जास्त फेऱ्या मारत असतात. गाडी चालवली नाही त्या दिवसाची कमाई शून्य. सुरक्षारक्षकांच्या बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालू आहेत. घरकामाला येणाऱ्या बाईंची महिन्यातली सुट्टी घराघरात तोंडी ठरते, आणि मालकिणीकडे पाहुणे आले की मोडते. या लोकांच्या प्रवासाच्या इच्छेबद्दल कोणी विचारत नाही. त्यांना पगारवाढ हवी असणार, एवढेच गृहीत धरले जाते. १८८४ च्या अर्जात कामगारांनी पगाराच्या तारखेच्या आधी रविवार मागितला होता. आधी काय हवे, हा प्रश्न आपल्या सोसायटीच्या फाटकावर बसलेल्या माणसाला विचारला, तर उत्तर वेगळे येईल असे मानायला काही आधार नाही. सहलीचे आगाऊ पैसे भरताना जशी आपण वर्षभर आधी तारीख नक्की करतो, तशी त्याच्याही आठवड्याच्या सुट्टीची तारीख लेखी ठरवून घेणे सोसायटीच्या एका बैठकीत होऊ शकते.