पुन्हा पुन्हा दवाखान्यात
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुठल्याही फॅमिली डॉक्टरला विचारा, काही रुग्णांचा केसपेपर शोधावाच लागत नाही. तो वरच असतो. सोमवारी डोके, गुरुवारी पोट, पुढच्या मंगळवारी छातीत धडधड. कंपाउंडर गालातल्या गालात हसतो. घरचे म्हणतात, ‘हिला काही झालेलं नाही, सवयच लागलीय.’

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येकाचे नाव ठरावीक दवाखान्यात नोंदलेले असते, त्यामुळे तिथे मोजदाद सोपी. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सर्वाधिक येणाऱ्या १० टक्के रुग्णांकडे डॉक्टरांच्या दर दहांपैकी सुमारे चार भेटी जात होत्या.

यातले बरेच जण खरोखरच आजारी असतात. मधुमेह, दमा, गुडघे, सगळे एकाच देहात. त्यांनी यायलाच हवे. प्रश्न उरतो तो तपासणीत काहीच न सापडणाऱ्यांचा.

माझ्याकडे एक बाई अंगदुखीसाठी येत. बरोबर नेहमी सासूबाई. एकदा एकट्या आल्या तेव्हा मी झोपेचे विचारले. म्हणाल्या, ‘पहाटे तीनला जाग येते डॉक्टर, मग भिंतीकडे बघत पडते.’ भूक नाही, कशात मन नाही. हे नैराश्य होते. पण ‘मन उदास आहे’ असे सांगून दवाखान्यात येण्याची आपल्या घरांतून सोय कुठे आहे? अंग दुखते म्हटले की रिक्षाचे पैसे मिळतात. आणि दुखणे खोटेही नसते. सततच्या ताणाने स्नायू आवळलेले राहतात, हृदय जोरात धडधडते, आतड्यांची चाल बिघडते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हळदोणे परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली होती. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी अधिक घट्ट निघाला. या बायका प्रतिजैविकांचे किती कोर्स करत असतील, कल्पना करा! पुढे २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये गोव्यातलाच ‘मानस’ प्रयोग प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतल्या अशा रुग्णांना चांगला उतार पडला.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घाबरू नका’ एवढ्याने मात्र भागत नाही. रुग्णाला ऐकू येते ते ‘तुमचं दुखणं खरं नाही’. मग तो दुसरे लक्षण घेऊन येतो, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि सोनोग्राफी नव्याने होते.

थोडे आमच्या धंद्याविषयीही बोलायला हवे. दोन दिवसांच्या पुड्या, एक सुई आणि ‘परवा दाखवून जा’ या पद्धतीने आम्हीच येण्याची सवय लावतो. ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्याला ते लावून मोकळे होणे, समजावत बसण्यापेक्षा सोपे आणि किफायतशीरही.

खरा धोका वेगळाच आहे. पन्नास वेळा ‘काही नाही’ निघालेल्या माणसाची एकावन्नावी तक्रार कुणी नीट ऐकत नाही. घटलेले वजन, शौचातून रक्त, चालताना छातीवर येणारा दाब त्याच जाड केसपेपरात दबून जातो. म्हणून नवी तक्रार असेल तर ती पहिल्याच वाक्यात सांगा, ‘हे नेहमीचं नाही’ असे स्पष्ट म्हणा. आणि दर वेळी डॉक्टर बदलू नका. बदल ओळखायला आधीचा माणूस ठाऊक असावा लागतो.

अशा रुग्णांना मी वार ठरवून देतो. दर पंधरवड्याला बुधवारी, दुखत असो वा नसो. बरोबरच्या नातेवाइकांना हे विचित्र वाटते: काही नसताना कशाला यायचे? पण भेटीसाठी दुखण्याची गरज उरली नाही की मधल्या फेऱ्या बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. त्या बाई आता महिन्यातून एकदा येतात. सासूबाई बाहेर बाकावर बसतात.